कमानीवर अर्धा कोयता नको

प्रति,
सरपंच, उपसरपंच, सर्व सदस्य आणि कमान समिती,
आपली ग्रामपंचायत, ता. पाटोदा, जि. बीड

विषय : वेशीतल्या कमानीवर आमच्या दादांबद्दल, म्हणजे माझ्या वडिलांबद्दल, लिहायच्या मजकुराबाबत.

सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कमानीच्या पाटीचा नमुना आला. काळा ग्रॅनाइट, सोनेरी अक्षरं, वर बंदूक घेतलेला जवान. ‘भारतमातेचे वीर सुपुत्र, १९७१ च्या युद्धातील रणधुरंधर, अनेक शौर्यपदकांनी सन्मानित, गावाचे भूषण’ आणि खाली दादांचं नाव. त्याखाली ‘सौजन्य’ म्हणून सहा नावं. ती दादांच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत आहेत, पण त्याबद्दल माझी तक्रार नाही. खर्च ज्याचा त्याचं नाव मोठं, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

तक्रार दुसरी आहे. ग्रुपवर ती लिहिली, तर खाली वीस-पंचवीस हात जोडलेली चित्रं आली आणि विषय लगेच दुधाच्या दरावर गेला. म्हणून हे पत्र लिहितेय. ग्रामसभेत वाचून दाखवा. नाही वाचलंत तर मी वाचेन, आवाज शाळेतल्या नोकरीनं मोठा झालेलाच आहे.

आधी पदकांचं. दादांकडं दोन पदकं होती, पूर्वी स्टार आणि संग्राम पदक. पूर्वेच्या आघाडीवर असलेल्या साऱ्या पलटणींना पूर्वी स्टार मिळालं. ते शौर्यपदक नव्हे. दादांनी तसं कधी म्हटलं नाही आणि कुणी म्हणालं तर त्याला तिथंच थांबवलं. ‘अनेक शौर्यपदकांनी’ हे शब्द काढून टाका. गावात इतर माजी सैनिकही आहेत. ते कमानीखालून जाताना हसतील.

दादा १९६३ साली भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग, मग मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन, म्हणजे जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात ही पलटण मेघालयाच्या बाजूनं आत शिरली, ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या दक्षिणेला जाऊन रस्ता धरून बसली. शहरात पाकिस्तानची ३१ बलूच ही पलटण होती. आपल्या ब्रिगेडियर क्लेर साहेबांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. मुक्तिवाहिनीचा एक माणूस ती घेऊन गेला. उत्तर आलं ते बंदुकीच्या गोळीला गुंडाळून. बलूचांच्या कर्नलनं लिहिलं होतं की पुढच्या वेळी हातात पेनऐवजी स्टेनगन घेऊन भेटा. दुसऱ्या रात्री ते कोंडी फोडून बाहेर पडायला निघाले आणि अंधारात सरळ जंगी पलटणीच्या मशिनगनांसमोर आले. ११ डिसेंबरच्या सकाळी जमालपूर पडलं. हा इतिहास छापलेला आहे, माझ्या पदरचं काही नाही.

दादा एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशिनगनवर, नंबर दोन होते, म्हणजे मॅगझिन भरून देणारा माणूस. त्या रात्रीबद्दल ते एवढंच म्हणत, “हात मॅगझिन भरत व्हते. बाकी मला काही इचारू नको.” सकाळचं मात्र सांगत. आदल्या दिवसभर उसाच्या फडात दबा धरून बसल्यानं मानेला, कोपराला कूस लागून अंग पेटलं होतं आणि बाटलीत पाण्याचा थेंब नव्हता. “उसानं पहिल्यांदा खाज आणली ती जमालपूरला, पगारावर असताना,” असं म्हणून ते हसत, “पुढची सारी खाज उचलीवर.” म्हणजे ऊसतोडीच्या आगाऊ पैशावर. टांगाईलला पॅराशूटनं उतरलेली आपली २ पॅरा पलटण, मग ढाका, १६ तारखेची शरणागती, हे सगळं ते दोन वाक्यांत उरकायचे. तेरा दिवसांची लढाई. तुमच्या पाटीवर एवढीच आहे.

दादा ठरलेली सेवा संपवून घरी आले ते ७२ च्या दुष्काळात. पेन्शनला पंधरा वर्षं लागतात, ती भरली नव्हती. विहिरीत माणूस उतरवून वाटीनं घागर भरायचे दिवस ते. बैल गेले होते, आजी अंथरुणावर होती. पलटणीतला माणूस आठव्या दिवशी पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला बसला. मिलो ज्वारीची लाल भाकरी आणि सुकडी हे तुमच्यापैकी वयस्कांना माझ्यापेक्षा जास्त आठवत असेल.

पहिला संप तिथं झाला, आणि तो इतका लहान होता की त्याला संप म्हणायचं का, हा प्रश्नच आहे. खडी मोजायला लाकडी खोकं होतं, बूड नसलेलं. ते भरलं की माप धरायचं. दादांना वाटलं, खोकं उंच आहे. त्यांनी ट्रंकेतल्या दोरीला वीत-वीत गाठी मारल्या आणि दुपारच्या सुट्टीत खोकं मोजलं. चार बोटं जास्त भरलं. म्हणजे दर खोक्यामागं चार बोटं खडी फुकट. दादांनी भाषण केलं नाही. दोरी घेऊन ते एकेका बाईमाणसाजवळ गेले आणि म्हणाले, तुम्हीच मोजा. दुसऱ्या दिवशी हातोडे खाली ठेवून सगळे बसले. तिसऱ्या दिवशी कारकुनानं करवत आणून खोकं कापलं. ती कापलेली पट्टी आमच्या घरी बरीच वर्षं होती. आई तिच्यावर परात टेकवायची.

पुढं दोन वर्षांनी दसरा झाल्यावर आई-दादा कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला, गेले. त्यानंतरचं सांगायला नको, अर्धं गाव तेच करतं. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, ट्रकमध्ये पोती, कोंबड्या, लेकरं, फडाशेजारी राहायची कोपी, पहाटे तीनला उठणं, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, घराचं तोंड दिसत नाही. मी कोपीत जन्मले. कोणत्या कारखान्याच्या हद्दीत यावर आई-दादांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही. शाळेत माझी जन्मतारीख १ जून आहे, तुमच्यातल्या निम्म्यांची आहे तशी.

एक आठवण सांगते. मी सात-आठ वर्षांची असेन. त्या साली उचल कर्नाटकातल्या कारखान्याची होती. ट्रक सकाळी बेळगावातून चालला होता. मराठा सेंटरचं फाटक आलं, संत्री उभा होता, आत कुठंतरी बँड वाजत होता. आईनं कोपरानं ढोसलं. “आवं, तुमचं बेळगाव.” दादांच्या डोक्यावर पलटणीची जुनी लोकरी टोपी होती, थंडीत तीच घालायचे. त्यांनी ती काढली, घडी करून खिशात घातली आणि गाव मागं पडेपर्यंत बोडक्या डोक्यानं बसून राहिले. तेव्हा मला वाटलं की गरम होत असेल.

आता त्या भागाबद्दल, जो तुम्ही गाळलात.

गावाला ‘संप’ म्हटलं की लाठ्या, दगडफेक, जाळलेले टायर आठवतात. दादांचा संप वह्यांचा होता. दर कोयत्याला, म्हणजे दर जोडीला, एक वही. उचल किती घेतली, खाडे किती पडले, कोणत्या गाडीत किती टन गेला, वजनकाट्याच्या पावतीचा नंबर काय. संध्याकाळी चुली पेटल्या की दादा कोप्यांच्या मधल्या जागेत उभे राहायचे आणि पलटणीत हजेरी घेतात तसं एकेकाला वही घेऊन बोलवायचे. लिहिता येत नसलेल्यांची वही मी लिहायची. माझं अक्षर चांगलं आहे म्हणतात, ते तिथं घडलं. पावती मागितली की काट्यावरची माणसं चिडायची. पण वीस जणांनी रोज मागितली की देणं भाग पडायचं. हंगाम संपल्यावर वह्या एकत्र केल्या, की उचल का फिटत नाही ते कुणीही न ओरडता दिसायचं.

मोठे पुढारी मोठेच होते. बबनराव ढाकणे, गोपीनाथराव मुंडे यांच्या सभांना दादा इथून गाड्या भरून माणसं नेत. मंचावर ते कधी चढले नाहीत. पण कोयता बंदची हाक आली की तालुक्यातून ट्रक जाऊ द्यायचे नाहीत हे काम दादांसारख्यांचं. कारखान्यांचा संघ दर ठरवत नाही तोवर एकही कोयता निघायचा नाही. अशाच एका साली जामखेड रोडला रात्री दोन वाजता एक ट्रक अडवला. त्या रात्री मी सोबत होते, कंदील धरायला. ट्रकमध्ये पंधरा-सोळा जोड्या होत्या आणि ड्रायव्हरशेजारी माझे सख्खे चुलते.

दादा फुटबोर्डवर चढले. शिवी नाही, हात उगारणं नाही. कंदील वर धरायला सांगून प्रत्येकाला एकच विचारलं, “वही दाखीव. दर काय लिवलाय?” कुणाच्याही वहीत दर नव्हता, कारण ठरलाच नव्हता. “दर नसताना सहा महिन्यांसाठी निघालाव का रे?” पाच जोड्या भांडीकुंडी घेऊन खाली उतरल्या. बाकीचे बसून राहिले. चुलत्यांनी काच वर केली आणि ट्रक गेला. मागं फिरला नाही. दोघं भाऊ त्यानंतर अकरा वर्षं बोलले नाहीत, आजीच्या तेराव्याला बोलले. त्या साली दर वाढला. चुलत्यांच्या टोळीलाही वाढीव दरानंच पैसे मिळाले, ते दादांनी कधी बोलून दाखवलं नाही. चुलत्यांनी दाखवलं, पुष्कळदा, पण दादा गेल्यावर.

त्या रात्रीचा गुन्हा दाखल झाला. रस्ता अडवणे, बेकायदा जमाव वगैरे. ठाण्यात कागद भरताना ‘धंदा’ हा रकाना आला. हवालदार भला माणूस होता. हळूच म्हणाला, फौजी, माजी सैनिक लिहितो, साहेब सोडतील. दादा म्हणाले, “रस्त्यावर ऊसतोड्या हुबा व्हता. त्योच लिवा.” नऊ दिवस आत राहिले. त्या कागदाची नक्कल माझ्याकडं आहे, समितीला दाखवायला घेऊन येईन. सरपंच, स्वतःच्या नावापुढं काय लिहायचं हे त्यांनी सुटकेवर पाणी सोडून सांगून ठेवलंय. तुम्ही त्या रकान्यात परत ‘माजी सैनिक’ लिहिताय.

मी दादांना देव करायला बसलेले नाही. तापट होते. बैठकीत बायका आल्या की ‘चहाचं बघा’ म्हणायचे. आईनं एकदा तोंडावर सुनावलं होतं की बोलणी पुरुषांची आणि मोळी आमच्या डोक्यावर. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. हिशेब कोयत्याचा, पैसा नवऱ्याच्या हातात. या एका हिशेबाविरुद्ध दादांनी तीस वर्षांत संप केला नाही. वहीवर नाव त्यांचंच असायचं. लिहिणारी मी, तरी मलाही ते कधी खटकलं नाही.

आईची पिशवी बत्तिसाव्या वर्षी काढली. अंगावर पांढरं जायचं, जिल्ह्याच्या गावातला एक डॉक्टर म्हणाला, कॅन्सर होईल, काढून टाका. उचलीतून पैसे दिले आणि महिन्यानं ती परत मोळ्या उचलायला लागली, कारण खाडा परवडत नव्हता. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायांच्या पिशव्यांचा विषय देशभर गाजला. जिल्ह्यात तीन वर्षांत ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्याचं सरकारनं विधान परिषदेत सांगितलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. दादांनी ती बातमी ओसरीवर बसून वाचली. पेपर घडी करून ठेवला आणि आत बघून विचारलं, “तुझं कोणत्या साली झालं व्हतं?” आई भाकरी थापत होती. म्हणाली, “तुम्ही आत गेलाव त्या साली.”

हेही पाटीवर लिहा असं म्हणणार नाही. तेवढी मोठी पाटी मिळत नाही.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी मला फोनवर समजावलं की फौज सगळ्यांची असते, संप एका बाजूचा असतो, कमानीवर राजकारण नको. आणि सौजन्यातल्या सहापैकी चार जण मुकादम आहेत, ते त्यांनी सांगितलं नाही, मला दिसतंच. त्या चौघांना मी नावानं ओळखते. दोघांचे वडील दादांच्या टोळीत होते, त्यांच्या वह्या मी लिहिल्यात. मुकादमाचं दुखणंही मला कळतं. कारखान्याकडून उचल तो आपल्या नावावर घेतो, टोळी पळाली की जमीन त्याची जाते, पोराचं लग्न त्याचं मोडतं. दादा मुकादमाला शत्रू म्हणायचे नाहीत, ‘मधला’ म्हणायचे. पण त्या चौघांनी एवढं आठवावं की दर वाढला तसं त्यांचं कमिशनही वाढत गेलं. संपाचा पैसा त्यांच्याही घरात आलाय, कमानीच्या ग्रॅनाइटमध्ये थोडा असेलच.

२०२० मध्ये ऊसतोडीच्या दरात १४ टक्के वाढ झाली. जानेवारी २०२४ मध्ये ३४ टक्के, टनाला २७३ वरून ३६६ रुपये. दादा तेव्हा ऐंशीला टेकले होते. त्यांनी कुणाच्यातरी लग्नपत्रिकेच्या मागं हिशेब मांडला. जोडीनं दिवसाला दीड टन तोडला तर ५४९. माणशी २७४ रुपये पन्नास पैसे. मग पेन्सिल टेकवून म्हणाले, “आणि काट्यावर कोण हुबा राहणार?” पत्रिका मी जपून ठेवलीय. ऊसतोड कामगारांचं महामंडळ झालं, लेकरांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं वसतिगृहं झाली, याचं त्यांना बरं वाटायचं. नेहमी विचारायचे की आपल्या गावची किती पोरं तिथं राहिली. हा आकडा ग्रामपंचायतीकडं असायला हवा, मागितला तर मला मिळाला नाही.

आता मागणी. ‘रणधुरंधर’ आणि ‘अनेक शौर्यपदकांनी’ काढा. ‘१९७१ च्या युद्धात जमालपूरच्या लढाईत सहभाग’ एवढं पुरे. त्याखाली ‘ऊसतोड कामगारांच्या संपांचे पुढारी’ ही एक ओळ घाला, त्याच आकाराच्या अक्षरांत. बंदुकीशेजारी कोयता कोरायचा खर्च मी देईन. जामखेडच्या कारागिराला विचारलंय, तो म्हणाला, बंदुकीपेक्षा सोपा आहे. हे जमत नसेल तर दादांचं नावच घालू नका, कमान नुसत्या गावाच्या नावाची करा. नाराज होणार नाही. नुसता फौजी कोरलात तर मात्र आम्हा सगळ्यांच्या समोर तो अर्धा कोयता उभा राहील, आणि अर्ध्या कोयत्याला हिशेबात काय भाव मिळतो ते गावाला सांगायला नको.

दुसरी गोष्ट तारखेची. उद्घाटन १६ डिसेंबरला ठेवलंय, विजय दिवस म्हणून. त्या दिवशी गावात कोण असतं, ते मोजून बघा. दारांना कुलपं, कुलपांना पोत्याची चिंधी, ओसरीवर म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लेकरं. बाकी सगळे कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाच्या फडांत. फीत कापायला पाहुणे येतील, टाळ्या वाजवायला कोण? दादा वैशाखात गेले. पट्टा पडून टोळ्या परतल्या होत्या, म्हणून वेशीपासून नदीपर्यंत माणूस होतं. मार्गशीर्षात गेले असते तर खांद्याला चार जण गोळा करताना तुमची दमछाक झाली असती. ते स्वतःच म्हणायचे, मरायचं तर उन्हाळ्यात.

तेव्हा कार्यक्रम अक्षय्य तृतीयेला घ्या. टोळ्या आलेल्या असतात, आंबे असतात, आणि हिशेब नुकतेच झालेले असल्यानं सगळ्यांना सगळं आठवत असतं. येताना प्रत्येकानं या हंगामाची आपली वही आणावी, असं निमंत्रणात छापा. छापायचं काम मी करून देईन, अक्षर माझंच.

आपली,
फौजीची थोरली लेक